हिंगण्याचा आश्रम आणि उशिरा सुरू झालेले शिक्षण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील ब्राह्मण घरांत मुलीचे लग्न बहुधा बालवयातच होई. नवरा वारला तर केशवपन, अलवण आणि जन्मभराचे परावलंबन तिच्या वाट्याला येई. वीस-पंचविशीतल्या अशा स्त्रीला अक्षरे गिरवायची म्हटली तरी तिच्यासाठी शाळा नव्हती, कारण तोवर शाळेत जायचे वय उलटून गेलेले असे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढून ही कोंडी प्रथम फोडली. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. त्याच वाटेने पुढे पुण्याजवळच्या हिंगण्यात एक मोठे विद्यापीठ आकाराला आले.

त्याचे संस्थापक धोंडो केशव कर्वे स्वतःही उशिरा शिकले होते. त्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा आणि बालपण कोकणातल्या मुरूडचे. लोकसेवेच्या परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, पण वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. 1881 मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. 1884 मध्ये त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. केले आणि 1891 पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर 1893 मध्ये त्यांनी शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या बालविधवा होत्या. या विवाहामुळे मुरूडला त्यांच्यावर बहिष्कार पडला.

पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या स्त्रिया थोड्या होत्या, पण स्वतःच्या पायावर उभे राहण्याची गरज सगळ्यांनाच होती. हे ओळखून कर्व्यांनी 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. शहरात प्लेगच्या साथी येऊ लागल्या, तेव्हा रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी गावाबाहेर हिंगण्याला दिलेल्या सहा एकर जागेवर 1900 मध्ये आश्रम हलवण्यात आला. सुरुवातीला तिथे नीट रस्ताही नव्हता. कॉलेजातले तास संपले की कर्वे पायी हिंगण्याला जात आणि तिथे शिकवत. 1907 मध्ये शेजारीच महिला विद्यालय निघाले.

उशिरा शिकणे म्हणजे काय, ते पार्वतीबाई आठवले यांच्या आयुष्यात दिसते. त्यांचा जन्म 1870 चा. गोदूबाईंच्या या बहिणीला विशीतच वैधव्य आले आणि पदरी लहान मुलगा होता. पंचविशीच्या सुमारास त्या पुण्याला आल्या आणि तिथे त्यांचे शिक्षण सुरू झाले. पुढे त्या आश्रमाच्या प्रमुख कार्यकर्त्या झाल्या आणि वर्गणीसाठी गावोगावी हिंडून सभांत बोलू लागल्या. पंचेचाळिशी उलटल्यावर, 1918 मध्ये, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजीचे ज्ञान तोकडे होते, पैसा जवळ नव्हता. पोट भरण्यासाठी त्यांनी तिथल्या घरांत घरकामही केले. 1928 मध्ये त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

त्याच काळात पुण्यात रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये सेवासदन उभे केले. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांना जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती आणि रमाबाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. सेवासदनातून प्रौढ स्त्रिया शिक्षिका आणि परिचारिका होऊन बाहेर पडू लागल्या. शिकण्याला लागूनच कमावण्याची सोय असल्याने घरच्यांचा विरोध हळूहळू ओसरला.

1914 मध्ये कर्वे फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र त्यानंतरचे आहे. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाविषयीची पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि डिसेंबर 1915 मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली. 1916 मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी हिंगण्यात भारतातले पहिले महिला विद्यापीठ सुरू केले. पहिल्या वर्गात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. शिक्षण मातृभाषेतून होई आणि इंग्रजी हा एक विषय असे. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. 1936 मध्ये त्याचे मुख्य ठाणे मुंबईला गेले. विद्यापीठाच्या पदव्यांना सरकारी मान्यता मात्र दीर्घकाळ नव्हती. 1951 मध्ये विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला तेव्हा कर्वे त्र्याण्णव वर्षांचे होते.

मधल्या काळातही ते थांबले नव्हते. 1929 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, विद्यापीठाची ओळख करून देण्यासाठी त्यांनी युरोप, अमेरिका आणि जपानचा दौरा केला. त्यानंतर ते आफ्रिकेतही गेले. 1936 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षण पोचवण्यासाठी त्यांनी मंडळ काढले आणि 1944 मध्ये समता संघ स्थापन केला. 1958 मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी त्यांचे निधन झाले.

हिंगण्याच्या इतिहासात एकट्या माणसाच्या जिद्दीइतकेच संस्थेलाही महत्त्व आहे. पार्वतीबाईंची जिद्द मोठी होती, पण राहायला जागा, शिकवायला माणसे आणि शिकून झाल्यावर करायला काम हे तिन्ही एका ठिकाणी मिळाल्यामुळे ती फळाला आली. त्या परिसराला आज कर्वेनगर म्हणतात आणि महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे काम तिथे सुरू आहे.