गाळलेल्या जागा भरा

मला विनोद सुचतो, पण वेळेवर नाही. लग्नाच्या पंक्तीत कुणीतरी कोटी करतं, मांडव हसतो, आणि मला त्याहून सरस कोटी सुचते ती बाहेर चपला शोधताना. तिथे ऐकायला कुणी नसतं. असलाच तर स्वतःची चप्पल हरवलेला एखादा गृहस्थ, आणि तो हसण्याच्या मनःस्थितीत नसतो. जगात बहुसंख्य माणसं माझ्यासारखीच असणार. नाहीतर अशांना आयता विनोद पुरवणाऱ्या पत्त्यांचा धंदा शंभराहून अधिक वर्षं चालला नसता.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे पीटर कॉडल. हा अमेरिकेतला खेडवळ गडी न्यूयॉर्क बघायला निघतो, एवढीच गोष्ट. एकोणिसाव्या शतकात मिल्टन ब्रॅडली, पार्कर ब्रदर्स अशा खेळ छापणाऱ्या बड्या मंडळींनी तिचे संच काढले. एकाने गोष्ट वाचायची. मधे मधे जागा गाळलेल्या. तिथे तो थांबला की दुसऱ्याने हातातली चिठ्ठी वाचायची. समजा, पीटर हॉटेलात शिरला आणि त्याने मागवला ‘एक लंगडा घोडा’! गोष्ट वाचणारा निर्दोष, चिठ्ठीवाला निर्दोष, बाकीची मंडळी मात्र खुर्चीवरून खाली.

पुढे 1953 साली लिओनार्ड स्टर्न नावाचे एक विनोदी लेखक टीव्हीच्या मालिकेसाठी लिहीत बसले होते. एका साहेबाच्या नाकाला विशेषण सुचेना. (साहेबाच्या नाकाला विशेषण सुचत नाही असा माणूस कधी नोकरीत नसावा.) शेजारी मित्र रॉजर प्राइस. स्टर्ननी ‘एक विशेषण सांग’ म्हटलं; कशाचं ते सांगण्याआधीच प्राइसनी दोन ठोकून दिली: वेंधळं आणि नागडं. वेंधळं नाक! दोघं इतके हसले की लिखाण बाजूला राहिलं आणि ‘मॅड लिब्ज’ जन्माला आलं. पाच वर्षं खेळाच्या नावावर एकमत होईना. शेवटी 1958 मध्ये स्वतःच 14,000 प्रती छापल्या आणि प्राइसच्या जेवणघरात रचून ठेवल्या. त्या काळात ते जेवत कुठे, याचा उल्लेख इतिहासात नाही. पुढे मात्र प्रती कोट्यवधींनी खपल्या.

इथवर सगळा कारभार नशिबाचा होता. त्यात अक्कल घातली 1999 च्या ‘ॲपल्स टू ॲपल्स’ने. हिरव्या पत्त्यावर विशेषण, लाल पत्त्यांवर नामं. प्रत्येकाने हातातल्यांपैकी एक लाल पत्ता उपडा टाकायचा, पंचाने ते मिसळून वाचायचे आणि आवडेल तो निवडायचा. पंच दर डावाला बदलतो. म्हणजे विनोद सुचायची गरजच नाही. पंचाला काय आवडतं, ते ओळखता आलं की झालं. साहेबांचा मूड बघून रजेचा अर्ज पुढे करण्यात ज्याची हयात गेली, त्याला हा खेळ शिकवावा लागत नाही. आणि खरी खुबी पुढेच आहे. पत्ता निवडला गेला, तर पुढे होऊन ‘माझा!’ म्हणायचं. नाही निवडला, तर तो बेवारस. बँकेत सहीशिवाय व्हाउचर पुढे सरकत नाही. इथे आधी पास होतं, मग सही!

पण ज्या पडद्याआडून लाजाळू माणूस बोलू लागतो, त्याच पडद्याआडून दुष्टही बोलतो. शिकागोजवळच्या हायलँड पार्कच्या आठ शाळूसोबत्यांनी नववर्षाच्या पार्टीसाठी ‘कार्ड्‌स अगेन्स्ट ह्युमॅनिटी’ काढला. 2011 च्या जानेवारीपर्यंत 4,000 डॉलर जमवायचे होते, 15,000 च्या वर जमले. त्यांचे पत्ते मुद्दाम अभद्र. 2015 मध्ये तर त्यांनी पाच डॉलर घेऊन बदल्यात काहीही न देण्याची विक्री काढली: 11,248 गिऱ्हाइकं, जमा 71,145 डॉलर. ही रक्कम कुठल्या खात्याला टाकावी, यावर मी एक रात्र घालवली आहे. मात्र त्यांचे काही पत्ते आधीच तुडवल्या गेलेल्यांवर पाय देणारे होते. ‘मी कुठे, पत्ता बोलला’ ही सबब किती दिवस चालणार? काही पत्ते त्यांनाच मागे घ्यावे लागले, आणि 2020 मध्ये कंपनीच्या कचेरीतच वर्णद्वेषी वागणुकीच्या तक्रारी होऊन एक संस्थापक बाहेर पडला.

आपल्याकडे उखाणा आहेच. पण तिथे नाव ठरलेलं आणि वाक्य शोधायचं, यांच्याकडे उलटं. म्हणून कोजागरीला शाखेच्या गच्चीवर खेळायला मी मराठी संच करायला घेतला, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. पहिल्याच पत्त्याला विभक्ती आडवी आली. ‘साहेबांनी ......ला नमस्कार केला’ असं लिहावं, तर ‘लंगडा घोडा’ त्यात बसत नाही. आधी ‘लंगड्या घोड्या’ व्हावं लागतं. प्रत्यय टाळावा तर लिंग उभं: ‘आला’, ‘आली’ की ‘आलं’? इंग्रजीत घोडा कुठेही बांधा, वाकत नाही. तीन संध्याकाळी घालवल्यावर तोड सापडली: गाळलेली जागा शेवटी ठेवायची आणि क्रियापद मुळातच गिळून टाकायचं. ‘साहेबांनी तिजोरी उघडली, तर आत ......!’ इथे घोडाही बसतो, घोडीही, वरातही. सौ.ने एवढंच विचारलं, “आणि साहेब कुठे बसणार?”

साहेब पंच म्हणून बसले. तिजोरीचा पत्ता निघाला. मसाला दुधाच्या पेल्यांमधून त्यांनी आठ पत्ते वाचले. सातव्याला त्यांना ठसका लागला. पत्त्यावर होतं: ‘दोन वर्षांपूर्वीचा रजेचा अर्ज’. हसता हसता डोळे पुसत त्यांनी विचारलं, “हा कुणाचा?”

वीस वर्षं जाळीआडून ‘सुटे द्या’ याखेरीज फारसं न बोललेल्या आमच्या कॅशियरांनी हळूच हात वर केला.

त्यांची रजा अजून विचाराधीन आहे.