उपासाचा राजगिरा: एक उशिरा सुचलेलं उत्तर

सुरुवात आमच्या परसातूनच करतो. गेल्या कार्तिकी एकादशीला आमच्या नेऱ्याच्या घरी शेजारच्या काकू आल्या होत्या. मागे माथेरानचा डोंगर आणि परसात पुरुषभर उंचीचा राजगिरा, त्याचे लालजांभळे तुरे दाण्यांनी झुकलेले. काकूंच्या हातात राजगिऱ्याचा लाडू होता. आम्हाला विद्वत्तेचा उमाळा आला. म्हटलं, "काकू, हे झाड मूळचं मेक्सिकोचं. तिथे याच्या पिठाचा देव करीत आणि सण झाला की तो देव मोडून खात."

काकूंनी लाडू ताटलीत ठेवला. म्हणाल्या, "सर, मग इतकी वर्षं आमचा उपास मोडत होता का हो?"

तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं, पण तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते आज देऊन पाहतो.

आधी हकिकत. राजगिरा ही मध्य अमेरिकेतली फार जुनी लागवड. ॲझ्टेक लोक तिला हुआउत्ली म्हणत. त्यांच्या राजधानीत प्रांतोप्रांतीहून जी खंडणी येई, तिच्यात मक्याबरोबर हे धान्यही असे. कोडेक्स मेंडोझा या चित्रपोथीत त्याची नोंद आहे. याच्या पिठात घायपाताच्या जातीतल्या मॅग्वे झाडाचा पाक मळून देवमूर्ती करीत. युद्धदेव हुइत्झिलोपोच्त्लीच्या उत्सवात अशी मूर्ती मोडून तिचे तुकडे वाटून खात. बेर्नार्दिनो दे साहागून या फ्रान्सिस्कन साधूने सोळाव्या शतकात या चालीरीती तपशिलाने लिहून ठेवल्या आहेत.

१५१९ मध्ये कोर्तेस किनाऱ्याला लागला, १५२१ मध्ये राजधानी पडली. मिशनऱ्यांना या पिठाच्या देवात स्वतःच्याच प्रभुभोजनाची विटंबना दिसली आणि तो विधी त्यांनी दडपला. राजगिरा लावणाऱ्याचे हात तोडीत, अशी एक गोष्ट फार सांगितली जाते. ती आम्ही सांगणार नाही, तिला भक्कम आधार नाही. देवीच्या साथीने आणि इतर रोगांनी माणसंच इतकी मेली की पेरायला हात उरले नाहीत, हे कारण पुरेसं आहे. तरी पीक पुरतं गेलं नाही. आजही मेक्सिकोत फुलवलेला राजगिरा मधात किंवा गुळासारख्या कच्च्या साखरेत घालून वड्या थापतात. त्या वडीचं नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ठेवली तर ओळखायला वेळ लागेल.

युरोपात हे झाड गेलं ते धान्य म्हणून नव्हे, शोभेचं म्हणून. पोटाला नको, डोळ्यांना हवं. लिनियसने १७५३ मध्ये याच्या जातींना नावं दिली. कुळाच्या नावामागे 'न कोमेजणारं' हा ग्रीक शब्द आहे. भारतात मात्र ते पुन्हा धान्य झालं. रॉक्सबर्गच्या १८३२ साली छापलेल्या 'फ्लोरा इंडिका'त जे नाव आहे त्याचा अर्थच 'धान्याचा' असा होतो. म्हणजे तोवर ते आपल्याकडे शेतात रुजलं होतं. अनोळखीही वाटलं नसेल, कारण पालेभाजीचा माठ आणि तांदुळजा हे त्याचे भाऊबंद आपल्याकडे आधीपासून होते. तांदुळजा तर आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत 'तण्डुलीयक' म्हणून येतो.

आता काकूंचा प्रश्न. उपासाला धान्य चालत नाही, राजगिरा चालतो. का? कोणी म्हणेल, तो गवतवर्गातला नाही, म्हणून खरं धान्य नाही. हे वनस्पतिशास्त्र झालं. पण वरी चक्क गवत आहे आणि तिची भगर आपण एकादशीला खातो! म्हणजे कसोटी वनस्पतिशास्त्राची नाही. मग जुनेपणाची? तीही नाही. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंद, सगळे अमेरिकेचे. तेराव्या शतकात हेमाद्रीने व्रतांवर एवढा मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा यांतलं काही त्याच्या ताटात असणं शक्यच नव्हतं. आमच्या मते नियम असा दिसतो: रोजच्या जेवणातलं जे, भात-भाकरी-पोळी, ते त्या दिवशी सोडायचं. सोडणं हा उपासाचा गाभा, आणि काय सोडायचं हे रोजचं ताट ठरवतं. राजगिरा आपल्याकडे रोजच्या ताटात बसला नाही, म्हणून तो सणाच्या ताटात आला. तो कुठून आला याचा यात प्रश्नच येत नाही. काकूंचा उपास एकदाही मोडला नव्हता.

शुद्धतेचं आणखी एक, आणि हे आम्ही परसात शिकलो. राजगिरा एकदाच पेरावा लागतो. मोहरीहून बारीक बी, म्हणून वाळूत मिसळून नुसतं वर भुरभुरायचं, खोल पुरायचं नाही. पुढच्या पावसात तो आपोआप उगवतो, इतका दाट की विरळणी करून हात दुखतात. वाऱ्यात लोळू नये म्हणून बांबूचा आधार लागतो. पहिली तीन वर्षं दाणे पांढुरके होते, चौथ्या वर्षी त्यांत काळे दिसू लागले. रानटी भाऊबंदांशी संकर झाला की काळा रंग वरचढ ठरतो. काळं बी मातीत पडून राहतं आणि वर्षानुवर्षांनी उगवतं. पांढरा दाणा माणसाने निवडून निवडून आणलेला. चार वर्षं निवड केली नाही, तर झाड आपल्या वाटेने जायला लागतं. आता आम्ही कापणीला काळे दाणे दिसणारे तुरे बाजूला काढतो.

हे सगळं काकूंना सांगून झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. लाडू काही अजून एकादशीला घेत नाहीत. मात्र श्रावणात विरळणीची रोपं टोपलीभर घेऊन गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी लसणाची फोडणी दिलेली भाजी डब्यातून पाठवली.