विकायला काही नसलेला सल्लागार : सेज, एसडीसी आणि मायटर

सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नोकरीच्या दोनच जागा येतात. एक खासगी कंपनी आणि दुसरं सरकारी खातं. आज आपण तिसऱ्या जागेचा इतिहास पाहणार आहोत. अमेरिकेत काही संस्था अशा आहेत की त्या सरकारचं कंत्राटी काम करतात, पण त्यांना नफा वाटून घेणारे भागधारक नाहीत. त्या सरकारी खातंही नाहीत. तिथला इंजिनिअर सरकारी नोकर नसतो, पण त्याचा पगार बहुतांशी सरकारी पैशातूनच येतो. ही जागा निर्माण का झाली, आणि तिथे बसलेल्या माणसाला सरकारपुढे खरं बोलता येतं का, हे दोन प्रश्न आज आपल्यापुढे आहेत.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. अमेरिकी हवाई दलाला शास्त्रज्ञांचा सल्ला हवा होता. म्हणून 'रँड' नावाचा प्रकल्प डग्लस या विमान कंपनीत सुरू झाला. लगेच अडचण लक्षात आली. डग्लस कंपनी हवाई दलाला विमानं विकणारी. तिच्याच छपराखाली बसून कोणतं विमान घ्यावं याचा सल्ला कसा द्यायचा? सोनारालाच विचारलं की सोनं घेऊ का, तर तो नको कशाला म्हणेल? शेवटी १९४८ मध्ये रँड डग्लसपासून वेगळी होऊन स्वतंत्र ना-नफा संस्था झाली. सल्ला देणाऱ्याकडे विकायला काही नसावं, हे तत्त्व इथे पहिल्यांदा नीट आकाराला आलं. पुढची सगळी कथा या एका तत्त्वाभोवती फिरते.

ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने अणुस्फोट केला. अमेरिकेत एकच घबराट उडाली. उत्तर ध्रुवावरून बॉम्बफेकी विमानं आली तर ती दिसणार कुणाला? त्या काळी रडारवरचा माणूस पडद्यावर ठिपका पाहायचा, फोनवर सांगायचा, आणि दुसरा माणूस फळ्यावर खूण करायचा. चार विमानांपर्यंत ठीक, शेकडो आली तर काय? एमआयटीचे पदार्थवैज्ञानिक जॉर्ज व्हॅली यांच्या समितीने हा प्रश्न हाती घेतला. त्याच विद्यापीठात जे फॉरेस्टर आणि रॉबर्ट एव्हरेट यांचा गट 'व्हर्लविंड' नावाचा संगणक बांधत होता. बाकीचे संगणक गणितं सोडवून उत्तर छापायचे. व्हर्लविंड घटना घडत असतानाच उत्तर देण्यासाठी बांधलेला होता. दोन्ही धागे जुळले. १९५१ मध्ये लिंकन प्रयोगशाळा स्थापन झाली. १९५३ मध्ये केप कॉड परिसरातली रडारं टेलिफोनच्या तारांनी व्हर्लविंडला जोडून छोट्या प्रमाणावर प्रयोग झाला. त्यातून जी देशव्यापी यंत्रणा उभी राहिली तिचं नाव 'सेज'.

सेजचं यंत्र आयबीएमने बनवलं. एकेका केंद्रातल्या जोडसंगणकाचं वजन सुमारे २५० टन. आपल्या आजोबांच्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह त्यात हजारोंनी. जोडीत मिळून जवळपास ४९ हजार. जोडी म्हणजे प्रत्येक केंद्रात दोन यंत्रं, म्हणजे एक बंद पडलं तर दुसरं तयार. बिनखिडक्यांच्या काँक्रीटच्या इमारतीत हवाई दलाचे लोक पडद्यांपुढे बसत आणि पिस्तुलासारखं एक उपकरण पडद्यावरच्या ठिपक्यावर रोखून विमान निवडत. हे सगळं पन्नाशीच्या दशकातलं आहे, हे ध्यानात ठेवा.

आता मुद्द्याचा प्रश्न. यंत्र आयबीएमने बनवलं, पण प्रोग्रॅम कोण लिहिणार? आज हे ऐकून हसू येईल, पण हे काम कुणालाच नको होतं. विद्यापीठाला ते नको होतं, कारण लाखो सूचना लिहून त्या केंद्राकेंद्रावर बसवत फिरणं हे संशोधन नव्हे. आयबीएमलाही नको होतं. त्यांच्या एका अधिकाऱ्याने नंतर सांगितलं की हे काम संपल्यावर दोन हजार प्रोग्रॅमर कुठे सामावून घ्यायचे, याची कल्पनाच तेव्हा करता येत नव्हती. सरकारी खात्यात तर प्रोग्रॅमर असं पदच जवळपास नव्हतं. शेवटी १९५५ मध्ये रँडने ते काम घेतलं. पसारा इतका वाढला की १९५७ मध्ये त्याची वेगळी ना-नफा संस्था करावी लागली. ती सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे एसडीसी.

माणसं आणायची कुठून? प्रोग्रॅमिंगची पदवी कुठेच नव्हती. मग तर्कबुद्धीच्या चाचण्या घेऊन लोक निवडले. त्यात गणिताचे शिक्षक होते, तसे संगीताचे शिक्षकही होते. बायकाही होत्या, आणि मोठ्या संख्येने. शिकायचं ते कामावरच. शिकून तयार झालेली माणसं जास्त पगारावर खासगी कंपन्यांत जायची आणि संस्था पुन्हा नवी भरती करायची. एका अर्थाने ही देशाची प्रोग्रॅमिंगची शाळाच झाली. अपोलो यानाच्या सॉफ्टवेअरसाठी पुढे नावाजलेल्या मार्गारेट हॅमिल्टन यांनीही त्याआधी लिंकन प्रयोगशाळेत सेजवर काम केलं होतं.

प्रोग्रॅम झाला, यंत्र झालं. पण रडार एका कंपनीचं, क्षेपणास्त्र दुसरीचं, विमान तिसरीचं, हे सगळं एकमेकांशी जुळवणार कोण? एमआयटीला ती जबाबदारी कायमची नको होती. कुठल्या कंपनीला द्यावी तर पुन्हा सोनाराचाच प्रश्न. म्हणून १९५८ मध्ये लिंकनमधले एव्हरेट आणि त्यांचे शेकडो सहकारी बाहेर काढून नवी ना-नफा संस्था उभारली गेली. तिचं नाव मायटर. पहिले अध्यक्ष क्लेअर हॅलिगन बेल प्रयोगशाळेतून आले. रँड स्वतंत्र करताना पुढाकार घेणारे रोवन गेथर इथेही विश्वस्त मंडळाचे पहिले प्रमुख होते.

तिथल्या इंजिनिअरचं काम काय असतं? तो बाजारात विकायचं उत्पादन बनवत नाही. नमुना बांधून पाहतो, कंपनीने दिलेलं यंत्र तपासतो, सरकारने नेमकं काय मागावं हे लिहून देतो. अशा संस्थांना पुढे वेगळा कायदेशीर दर्जा मिळाला आणि त्याबरोबर नियमही आले. खासगी कंपनीशी स्पर्धा करायची नाही आणि हितसंबंध गुंतू द्यायचे नाहीत. त्या बदल्यात कंपन्यांची एरवी गुप्त असणारी माहिती त्यांना पाहता येते. गुप्ततेच्या कामाला परवाना लागतो आणि तो साधारणपणे अमेरिकी नागरिकालाच मिळतो. म्हणून बॉस्टन-वॉशिंग्टनकडे गेलेल्या आपल्या मराठी मुलांना या संस्था दारावरून दिसतात, आत जाणं नागरिकत्व मिळाल्यावर.

या जागेचा एक मोठा फायदा असा की झालेल्या चुका लिहून ठेवता आल्या. लिंकनमधल्या हर्बर्ट बेनिंग्टन यांनी १९५६ मध्ये मोठे प्रोग्रॅम कसे तयार करावेत यावर निबंध वाचला. आधी आराखडा, मग तपशील, मग लेखन, मग चाचणी, अशा पायऱ्या त्यात होत्या. १९८३ मध्ये तो पुन्हा छापताना त्यांनी स्वच्छ सांगितलं की या पायऱ्या चढण्याआधी आम्ही व्हर्लविंडवर ३५ हजार सूचनांचा नमुना चालवून पाहिला होता, ते निबंधात आलंच नाही. आणि तिथून एकदम लाखाच्या वर उडी घेतली, ही आमची सर्वांत मोठी चूक. आजही टेंडरमध्ये नुसत्या पायऱ्या लिहून नमुन्याला फाटा देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने हे वाचावं असं आम्हाला वाटतं.

पण आता दुसरी बाजू. सेजचं पहिलं केंद्र न्यू जर्सीत जुलै १९५८ मध्ये सुरू झालं. त्याच्या नऊ महिने आधीच स्पुटनिक आकाशात गेला होता. अर्ध्या तासात येणाऱ्या क्षेपणास्त्रापुढे विमानं शोधणारी यंत्रणा काय करणार? तरीही वीसहून अधिक केंद्रं बांधली गेली, अब्जावधी डॉलर गेले, आणि त्यातली शेवटची यंत्रं १९८३ पर्यंत चालत राहिली. शत्रूने रडारमध्ये अडथळे आणले असते तर सेज किती टिकली असती, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. विकायला काही नव्हतं, मग या संस्थांनी 'थांबा' का म्हटलं नाही? एक कारण उघड आहे. विकायला काही नसलं तरी टिकवायला काहीतरी होतं, ते म्हणजे स्वतःची संस्था. गिऱ्हाईक एकच असलं की त्याला नाही म्हणणं जड जातं. एसडीसीने १९६९ मध्ये ना-नफा रूप सोडलं आणि पुढे ती बरोज कंपनीला विकली गेली. मायटर मात्र तशीच राहिली.

मग हा सगळा खर्च वायाच गेला का? आमचं उत्तर 'नाही' असं आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. त्यानंतर भारतात मोठ्या विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्या यंत्रणेच्या घडणीत मायटर आणि लिंकन या दोघांचाही वाटा आहे. १९९९ मध्ये मायटरने सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींना एकच सामाईक क्रमांक देणारी 'सीव्हीई' यादी ३२१ नोंदींनी सुरू केली. आज तिच्यात दोन लाखांवर नोंदी आहेत. आपल्या सर्ट-इनच्या सूचनापत्रांतही तेच क्रमांक असतात. एखाद्या कंपनीने ही यादी ठेवली असती तर स्वतःच्या मालातली खोट तिने पहिल्या पानावर छापली असती का?

आणि तीच यादी एप्रिल २०२५ मध्ये बंद पडायच्या बेतात आली. सरकारी कंत्राटाची मुदत १६ एप्रिलला संपत होती आणि नूतनीकरण झालेलं नव्हतं. शेवटच्या घटकेला ते ११ महिन्यांनी वाढवलं गेलं. जगभरचे लोक ज्या वहीवर विसंबून होते, ती एका खात्याच्या एका सहीवर उभी होती, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

इतिहासाने इथे दोन गोष्टी शिकवल्या. सरकारला यंत्र घ्यायचं असेल तर ज्याला काही विकायचं नाही असा जाणकार शेजारी हवा. आणि त्या जाणकाराला पोसणारं घर एकच असता कामा नये. पहिली गोष्ट अमेरिकेने १९४८ मध्येच ओळखली. दुसरी तिलाही अजून जमलेली नाही. आपल्याकडे सरकारी संगणक प्रणालींवर एवढा खर्च होत असताना, या दोन्हींपैकी आपण कुठे आहोत, त्यावर आता चर्चा करू.