नारायणगावच्या राहुट्या आणि आपली सुपारी

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावच नाही, तर लांबलांबच्या गावांचे यात्रा कमिटीवाले इथं येऊन सुपारी देतात. कुठल्या यात्रेत कोणाचा फड, हे इथंच ठरतं. म्हणून तर गावाला तमाशापंढरी म्हणतात.

गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं ते भाऊ-बापू मांग यांच्या फडानं आणि भाऊंची लेक विठाबाई यांनी. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवही झाला. पण शेवटची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. त्यांच्या नावानं सरकारचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला तो त्यानंतर.

मला वाटतं, मेल्यानंतरच्या गौरवापेक्षा हयातीत मिळालेली पूर्ण सुपारी मोठी. २०२० च्या टाळेबंदीत यात्रा थांबल्या आणि फडांचा अख्खा हंगाम बुडाला. तेव्हा कमिटीवाल्या मंडळींनो, यंदा राहुटीत बसाल तेव्हा घासाघीस जरा कमी करा. आणि नुसती गाणी ऐकून उठू नका, वग पूर्ण होऊ द्या.