दोषाची जागा आणि दोषाचे मूळ : जुन्या मोटारीतील हीटरच्या पंख्याविषयी

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली अमुक वस्तू निघाली, पुढे तिच्यात अमुक सुधारणा झाली, असा त्याचा क्रम असतो. बिघाडांचा इतिहास लिहिण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नाही. परंतु एखादे यंत्र कोणत्या गरजांतून आणि कोणत्या तडजोडींतून घडले, हे ते सुरळीत चालू असेतोवर आपल्या लक्षातही येत नाही. ते अडते, आणि कोणी तरी क्रमाने त्याचे कारण शोधू लागतो, तेव्हा त्याची घडण उकलू लागते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका क्षुल्लक वाटणाऱ्या बिघाडाचा विचार करणार आहोत: थंड देशांतल्या जुन्या मोटारीत हीटरचा पंखा नीट चालत नाही, तेव्हा दोष कसा शोधावा? साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे प्रयोजन ओघात स्पष्ट होईल.

१

आरंभीच्या मोटारी उघड्या होत्या. थंडीवरचा इलाज गाडीत नसून प्रवाशाच्या अंगावर असे: जाड कोट, मांडीवर लोकरीचे पांघरूण, पायाशी निखाऱ्यांची पेटी किंवा तापवलेली वीट. हे सारे घोडागाडीकडून वारशाने आलेले होते. अमेरिकेत १९१९ च्या सुमारास दहांतल्या जवळपास नऊ मोटारी उघड्या असत. १९२९ पर्यंत हे प्रमाण नेमके उलटे झाले. मोटार बंद झाली, वारा थांबला, आणि एक नवीच अडचण उद्भवली. बंद जागेत माणसे श्वास घेतात; त्या श्वासातले बाष्प गार काचेवर साचते आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. म्हणजे ऊब ही जशी सुखाची बाब होती, तशी ती दृष्टीचीही बाब झाली.

पहिला उपाय सरळ होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस फोर्डच्या मॉडेल ए या गाडीसाठी जे हीटर मिळत, ते इंजिनच्या धूर बाहेर टाकणाऱ्या तापलेल्या नळाभोवतीची हवा आत सोडत. यात धोका उघड आहे. नळाला चीर गेली की उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही आत येणार. १९३० च्या दशकात दुसरा मार्ग रुळला. इंजिन थंड राखण्यासाठी जे पाणी फिरते तेच गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून न्यायचे आणि त्याच्यामागे विजेचा पंखा लावून हवा आत ढकलायची. पंख्यासाठी वीज हवी. ती गाडीत आधीच आली होती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग याने विजेवर इंजिन सुरू करण्याची सोय केली आणि त्यापायी बॅटरी व डायनामो हे मोटारीचे नित्याचे अवयव झाले. हाताने हँडल मारण्याचा त्रास वाचवण्यासाठी आलेल्या विजेवर पुढे हीटरचा पंखा फिरू लागला.

हे सुरुवातीचे हीटर आतलीच हवा पुन्हापुन्हा गरम करीत. साहजिकच आतले बाष्प आतच राही. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ साली बाहेरची ताजी हवा गाळून, गरम करून आत घेण्याची रचना बाजारात आणली. पुढच्या वर्षी तिला तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटची जोड मिळाली. आजच्या बहुतेक गाड्यांच्या रचनेचे बीज येथे आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून मोटारीच्या पुढच्या काचेवरचे बाष्प आणि हिम घालवण्याची सोय सुरक्षिततेच्या सक्तीच्या नियमांत समाविष्ट झाली. चैनीची म्हणून आलेली वस्तू तीस वर्षांत कायद्याच्या कक्षेत गेली.

याला समांतर असा एक वेगळा प्रवाहही होता. फोक्सवॅगनच्या बीटल गाडीचे इंजिन पाण्याऐवजी हवेने थंड होई. तिच्या मूळ रचनेत हीटरसाठी स्वतंत्र पंखा नव्हताच; इंजिनचाच पंखा तापलेली हवा आत ढकली. त्यामुळे गाडी भरधाव असेल तेव्हा ऊब मिळे, आणि सिग्नलपाशी इंजिन मंदावले की तीही मंदावे. बीटलमध्ये ऊब कमी पडते म्हणून पंख्याची मोटर शोधू लागणारा माणूस मुळात नसलेल्या वस्तूत दोष शोधत असतो. आपण कोणत्या परंपरेतली कृती वाचत आहोत, हे आधी ठरवावे लागते ते यासाठी.

२

पाण्याच्या हीटरच्या परंपरेतल्या जुन्या गाडीत पंख्याची वीज कशी वाहते ते थोडक्यात पाहू. बॅटरीकडून ती फ्यूजमध्ये येते, तेथून पंख्याच्या बटणाकडे आणि पुढे मोटरकडे जाते. मोटरमधून अर्थच्या तारेने गाडीच्या पत्र्यात उतरते आणि बॅटरीकडे परतते. पंख्याला तीन किंवा चार गती असतात. त्या मिळवण्याची अनेक गाड्यांतली युक्ती साधी आहे: मोटरच्या वाटेवर रोध घालायचा. रेझिस्टर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात तारेची वेटोळी एकापुढे एक जोडलेली असतात. सर्वांत मंद गतीत वीज साऱ्या वेटोळ्यांतून जाते. प्रत्येक वरच्या गतीत एकेक वेटोळे वगळले जाते. सर्वांत जलद गतीत ती एकाही वेटोळ्यात न शिरता थेट मोटरकडे जाते.

एवढी रचना ध्यानात घेतली की लक्षणे बोलू लागतात. पंखा एकाही गतीत फिरत नसेल, तर दोष सर्व गतींच्या सामाईक वाटेवर असला पाहिजे: फ्यूज, बटणाकडे येणारी तार, स्वतः मोटर किंवा अर्थ. पंखा फक्त सर्वांत जलद गतीतच फिरत असेल, तर सामाईक वाट शाबूत आहे आणि दोष रेझिस्टरच्या फाट्यावर आहे. मधलीच एखादी गती हरवली असेल, तर त्या गतीची बटणातली पट्टी किंवा तिची एकटी तार पाहावी. पंखा फिरल्याचा आवाज येतो पण वारा येत नाही, अशा वेळी विजेचा संबंध नाही. पाती दांड्यावर सैल झाली आहेत किंवा वाट पाचोळ्याने बुजली आहे. वारा जोरात येतो पण गार येतो, तर तक्रार पंख्याची नसून पाण्याची आहे.

पाठचिकित्सेचा परिचय असलेल्या वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. एकोणिसाव्या शतकातील जर्मन पंडित कार्ल लाखमान याच्या नावाशी जोडल्या गेलेल्या पद्धतीचे मर्म हेच आहे. अनेक हस्तलिखितांत एकच चूक आढळली, तर ती त्यांच्या सामाईक पूर्वजाकडून आलेली असण्याचा संभव मोठा. एकाच शाखेत आढळली, तर ती त्या शाखेत शिरली. चूक ही येथे केवळ पुसून टाकण्याची गोष्ट राहत नाही. ती वंशावळ सांगणारा पुरावा होते. मोटारीच्या वायरमनने लाखमानचे नाव ऐकलेले असण्याचे कारण नाही. तरी चारही गती फिरवून पाहिल्याशिवाय तो एकही स्क्रू सैल करीत नाही. साऱ्या प्रती समोर मांडल्याविना पाठ ठरवू नये, या नियमाचेच ते पालन होय.

३

मात्र खरी अडचण येथून पुढे सुरू होते. रेझिस्टर जळला आहे हे निश्चित झाले. नवा आणून बसवला. चारही गती आल्या. पुष्कळ जण येथे थांबतात, आणि काही महिन्यांत नवा रेझिस्टरही जळतो. याचे कारण रचनेतच दडलेले आहे. रेझिस्टरमधून वीज जाताना तो तापतो. म्हणून तो हवेच्या वाटेवर बसवलेला असतो, जेणेकरून पंख्याचाच वारा त्याला थंड ठेवील. ज्याची गती तो आवरतो, त्याच्याच कृपेवर तो जगतो. आता मोटरचा बुश कोरडा पडला आणि दांडा जड फिरू लागला, तर मोटर अधिक वीज ओढते; त्याच वेळी पंखा मंदावल्याने वारा कमी होतो. ताप वाढतो आणि थंडावा घटतो. पाचोळ्याने हवेची वाट अडली, तरी थंडावा घटतोच. अखेर रेझिस्टरचे वेटोळे तुटते, किंवा त्यावर सुरक्षेसाठी बसवलेली वितळती कडी वितळते. दोष दिसला तो रेझिस्टरमध्ये. जन्मला तो बुशात.

म्हणून अनुभवी माणूस रेझिस्टर बदलण्यापूर्वी मोटर ऐकतो. थंड सकाळी पंखा सुरू करताच किंचाळल्यासारखा आवाज येणे ही कोरड्या बुशाची खूण. मोटरच्या कवचावर हलकेच टिचकी मारल्यावर पंखा सुरू होणे ही झिजलेल्या कार्बनची खूण. मोटर किती अँपिअर वीज ओढते हे मोजले, की संशयाला जागा उरत नाही. याउलट फ्यूज पुन्हापुन्हा उडतो म्हणून जास्त क्षमतेचा फ्यूज घालणे हा उपाय सर्वांत घातक. फ्यूज हा दोष सांगणारा साक्षीदार. त्याचे तोंड बंद केले, तर बटणाची जोडणी वितळते किंवा तार पेट घेते.

मुळापर्यंत जाण्याचे टाळण्याचा मोह किती बलवत्तर असतो, याचे उदाहरण म्हणजे स्वीडनची व्होल्वो २४०. १९७४ ते १९९३ या काळात या मालिकेच्या सुमारे २८ लाख गाड्या तयार झाल्या. दणकटपणासाठी ती नावाजलेली. पण तिच्या पंख्याची मोटर हीटरच्या पेटीच्या गाभ्यात बसवलेली, दांड्याच्या दोन्ही टोकांना दोन पंखे. तेथे पोचायचे तर मधला कन्सोल, हवेच्या नळ्या आणि पुढचे बरेच काही उतरवून पेटी उकलावी लागते. गाडी जणू त्या मोटरभोवतीच बांधली आहे, असे तिचे मालक थट्टेने म्हणतात. साहजिकच पुष्कळ जण आधी फ्यूज चिमटीत धरून फिरवून पाहतात. हा उपाय हास्यास्पद नाही. त्या गाडीतल्या जुन्या धर्तीच्या फ्यूजच्या टोकांवर खरोखरच गंज चढतो. प्रश्न एवढाच, की सोपी जागा प्रथम तपासणे वेगळे आणि सोपे म्हणून तेच कारण ठरवणे वेगळे.

शिवाय जुनी गाडी एकहाती राहिलेली नसते. कारखान्याच्या नकाशात तार पिवळी असते, प्रत्यक्षात काळी निघते. कोणा आधीच्या मालकाने रेडिओसाठी मध्येच फाटा काढलेला असतो. कोणी बटण टाळून थेट जोड दिलेला असतो. यांना प्रक्षेपच म्हणावे लागेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभलेल्या आणि १९६६ साली पुऱ्या झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे स्मरण येथे होते. विष्णु सीताराम सुखठणकरांनी १९३३ च्या आपल्या प्रस्तावनेत दाखवून दिले, की महाभारताच्या प्रतींत पाठांचा संकर इतका झाला आहे, की निव्वळ वंशावळीची पद्धत तेथे पुरी पडत नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या प्रतींचा मेळ कोठे बसतो, हे पदोपदी तपासावे लागते. तारांच्या बाबतीत हे काम परीक्षा-दिवा करतो. त्याचे एक टोक पत्र्याला लावायचे, दुसरे तारेला टेकवायचे; नकाशा काहीही म्हणो, वीज जेथवर आहे तेथवर दिवा लागतो. जेथे लागेनासा होतो, तेथे आणि त्याच्या अलीकडे दोष.

४

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात हीटरची मातब्बरी नाही. पण पावसाळ्यात घाट चढताना काचेवर वाफ धरते, आणि एसीचा वारा आणणारा ब्लोअर बंद पडला की १९३० च्या दशकातली अडचण आपल्यापुढेही उभी राहते. ब्लोअर फक्त 'चारवर' चालतो, ही आपल्याकडच्या वापरलेल्या गाड्यांची तक्रार त्याच जुन्या रचनेतून आलेली आहे.

नव्या गाड्यांत वेटोळ्यांची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने घेतली आहे. ते वीज क्षणोक्षणी तोडून-जोडून गती राखते, आणि जुन्या रेझिस्टरइतकी ऊर्जा उष्णतेत वाया घालवीत नाही. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र आता लक्षणे बंद पेटीत जातात आणि बाहेर येतो तो एक सांकेतिक क्रमांक. तो क्रमांक पुष्कळदा जागा सांगतो. कारण सांगेलच असे नाही. पेटी बदलली जाते आणि जड फिरणारा बुश तसाच राहतो.

वर्गात विद्यार्थ्याला संहितेत विसंगती सापडते तेव्हा तो हर्षभरित होतो, आणि लगेच ती लेखकाच्या, लेखनिकाच्या किंवा प्रक्षेपकाच्या माथी मारतो. विसंगती सापडली हे खरे. परंतु तेथे आपल्याला दोषाची जागा लागलेली असते, मूळ लागलेले नसते. तेवढ्यावर संहिता दुरुस्त करणारा संपादक नवा रेझिस्टर बसवून निघून जाणाऱ्या कारागिरासारखा होय. हा भाग येथेच का जळला, त्याला थंड ठेवणारे काय होते आणि ते केव्हा मंदावले, हे विचारल्यावाचून केलेली दुरुस्ती टिकत नाही.