जिवंत प्रवाळांची विमान वाहतूक

जिवंत प्रवाळांची विमान वाहतूक म्हणजे समुद्रातील अथवा मत्स्यालयातील जिवंत प्रवाळ समुद्रजलासह पिशवीत बंद करून विमानाने अन्यत्र नेणे होय. प्रवाळ दगडासारखे दिसत असले, तरी ते पॉलिप नावाच्या लहान प्राण्यांची वसाहत असते. त्यामुळे ही सजीवांची वाहतूक ठरते आणि तिला वन्यजीवविषयक कायदे लागू होतात.

जीवशास्त्रीय पार्श्वभूमी

अनेक प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते व प्रकाशसंश्लेषणाने त्यांना अन्न पुरवते. बंद पेटीतील अंधारात ही क्रिया थांबते; मात्र शैवाल आणि पॉलिप यांचे श्वसन चालूच राहते. त्यामुळे पिशवीतील प्राणवायू घटतो. ताणामुळे प्रवाळ चिकट स्राव सोडते आणि पाणी दूषित होते. तापमान फार बदलल्यास शैवाल बाहेर टाकले जाऊन प्रवाळ पांढरे पडते. यास प्रवाळ विरंजन म्हणतात.

बांधणी व प्रवास

प्रत्येक तुकडा स्वतंत्र पिशवीत ठेवून तीत समुद्रजल व प्राणवायू भरतात. पिशव्या थर्माकोलच्या पेटीत रचतात, जेणेकरून तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस राहते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अनेक विमानतळांवर हातातील सामानात १०० मिलिलिटरहून मोठ्या पात्रातील द्रव नेता येत नाही. त्यामुळे अशा पेट्या सामान्यतः मालवाहू कक्षातून जातात. सजीवांच्या बांधणीसाठी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची (आयाटा) नियमावली आहे. मुक्कामी पोहोचल्यावर पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवतात, टाकीचे पाणी थोडेथोडे मिसळतात आणि काही दिवस प्रकाश मंद ठेवतात. गोड्या पाण्यात प्रवाळ जगत नाही. म्हणून मुळशीसारख्या समुद्रापासून दूरच्या भागात टाकीसाठी सागरी क्षार मिसळून पाणी आधीच तयार करावे लागते.

कायदेशीर स्थिती

सर्व दगडी प्रवाळ (स्क्लेरॅक्टिनिया) साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने देशाबाहेर नेताना परवाना आवश्यक असतो. भारतात दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. ते गोळा करणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा असून त्यास ३ ते ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. किनाऱ्यावरून उचललेला मृत तुकडाही या बंदीतून सुटत नाही. परदेशी मत्स्यालयात कायदेशीररीत्या विकत घेतलेले प्रवाळही केवळ पावतीच्या आधारे भारतात आणता येत नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण

महाराष्ट्रात मालवणचा किनारा व विजयदुर्गसमोरील आंग्रिया बँक येथे प्रवाळ आढळतात. मुंबई किनारी रस्ता प्रकल्पात वरळी व हाजीअली येथे आढळलेल्या १८ प्रवाळ वसाहतींचे २०२० साली स्थलांतर करण्यात आले. त्यासाठी वन्यजीव कायद्यान्वये परवानगी घेण्यात आली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे साहाय्य लाभले. हे स्थलांतर मुंबईच्या किनाऱ्यापुरतेच असले, तरी प्रवाळ हलविण्यापूर्वी परवानगी व तज्ज्ञांची देखरेख का लागते, हे त्यावरून स्पष्ट होते.