टॅलोसची एकच शीर : एका खेळाच्या आस्वादाचा इतिहास

साहित्याचा इतिहास हा केवळ लेखकांचा आणि कृतींचा इतिहास नसून तो वाचकांचाही इतिहास असतो, अशी मांडणी हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कॉन्स्टान्झ विद्यापीठातील आपल्या व्याख्यानात केली. कोणतीही कृती वाचकापुढे येते तेव्हा त्याच्या मनात आधीच्या वाचनाने आखलेले अपेक्षांचे एक क्षितिज असते. कृती त्या क्षितिजाशी जुळते, त्याला छेद देते किंवा ते हळूहळू सरकवते. आपल्याकडे वर्गात हा सिद्धांत शिकवला जातो तो बहुधा कादंबरीच्या संदर्भात. प्रस्तुत लेखात आम्ही तो एका व्हिडिओ गेमला लावून पाहणार आहोत. यात कोणाला औचित्यभंग वाटल्यास आमची हरकत नाही. मात्र तो खेळ खेळलेल्यांनी त्याविषयी जी मते मांडली, ती वाचताना आम्हांला समीक्षेचे जुनेच प्रश्न नव्या वेषात भेटले, एवढे आरंभीच नमूद करतो.

खेळाचे नाव 'द टॅलोस प्रिन्सिपल'. क्रोएशियातील झाग्रेब येथील क्रोटीम या संस्थेने तो घडवला आणि डिसेंबर २०१४ मध्ये तो प्रकाशित झाला. संहिता टॉम जुबर्ट आणि योनास किरात्झेस यांची. क्रोटीमचे नाव तोवर 'सीरियस सॅम' (२००१) या खेळासाठी ओळखले जाई. चाल करून येणाऱ्या राक्षसांच्या झुंडींवर अखंड गोळीबार करणे, हे त्याचे स्वरूप. त्याच मालिकेतील पुढच्या खेळासाठी काही यांत्रिक अडथळ्यांचे प्रयोग चालू असताना निर्मात्यांच्या लक्षात आले की या अडथळ्यांतून स्वतंत्र कोडी उभी राहू शकतात. बंदुकीच्या कारखान्यातून तत्त्वचिंतनाचा ग्रंथ बाहेर पडावा, असा हा प्रकार होता. साहजिकच प्रारंभीच्या अभिप्रायांत सर्वांत ठळक सूर आश्चर्याचा आहे. 'यांच्याकडून हे अपेक्षित नव्हते' हे वाक्य निरनिराळ्या शब्दांत पुन्हापुन्हा येते. याउस यांना उदाहरण हवे असते तर ते येथे आयते सापडले असते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. डोळे उघडतात तेव्हा आपण ग्रीक-रोमन अवशेषांनी वेढलेल्या एका बागेत असतो. आपले हात यंत्रमानवाचे आहेत. आकाशातून एक धीरगंभीर आवाज येतो. तो स्वतःला एलोहिम म्हणवतो, आपल्याला वत्सलतेने संबोधतो आणि सांगतो की ही सारी उद्याने तुझी आहेत. कोडी सोडव, चिन्हे गोळा कर आणि अनंत जीवन मिळव. फक्त त्या मनोऱ्यावर चढू नकोस. कोडी प्रकाशकिरण वळवणारी उपकरणे, दारे निकामी करणारे जॅमर, ठोकळे आणि पंखे यांची आहेत. पुढे इजिप्तची वाळू लागते, मध्ययुगीन युरोपचे दगडी वाडे लागतात. वाटेत जागोजागी जुने संगणक आहेत. त्यांच्यात नष्ट झालेल्या मानवजातीच्या पत्रांचे, टिपणांचे, निबंधांचे तुकडे साठवलेले आहेत आणि 'मिल्टन' नावाचा ग्रंथालय-साहाय्यक त्यांतून आपल्याशी वाद घालतो. 'पॅरडाइज लॉस्ट'च्या (१६६७) कवीचे नाव त्याला का दिले, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. बाग आहे, निषेध आहे, आणि कानाशी कुजबुजणारा कोणीतरी आहे.

पहिल्या काळातील मतांवर दोन जुन्या खेळांची सावली पडलेली दिसते. एक 'मिस्ट' (१९९३) : निर्जन बेट, विखुरलेली पाने, स्वतःच जुळवायची कथा. दुसरा 'पोर्टल' (२००७) : प्रयोगशाळेतील कोडी आणि खेळाडूला टोमणे मारणारे यंत्र. 'पोर्टल'ने घडवलेले क्षितिज विशेष बळकट होते. पहिल्या पुरुषी दृष्टीने खेळायच्या कोड्यांच्या खेळात विनोद हवा, खोचक संवाद हवेत, आणि शेवटी खलनायकी यंत्राचा पराभव हवा, अशी अपेक्षा त्याने रुजवली होती. 'टॅलोस'मध्ये विनोद आहे, पण तो दबका आहे. खलनायक म्हणावा असा कोणी नाही. आहे तो विषाद. त्यामुळे काहींना खेळ रेंगाळणारा वाटला, तर काहींनी त्याच रेंगाळण्याला त्याचे सामर्थ्य म्हटले. कोडे अडले असताना पक्ष्यांचे आवाज ऐकत भिंतीशी उभे राहणे हादेखील अनुभवाचा भाग आहे, हे ज्यांना उमगले त्यांची मते अधिक टिकाऊ ठरली, असे आम्हांला वाटते.

आक्षेपांकडे वळल्यास पहिला आक्षेप रचनेविषयी आहे. कोडी वेगळी आणि तत्त्वज्ञान वेगळे, दोहोंना केवळ शेजारी बसवले आहे, असे अनेक खेळाडूंनी म्हटले. जॅमर कोठे ठेवावा याचा विचार करताना देकार्तचा काय संबंध? हा आक्षेप वरवरचा नाही. काव्यातील अलंकार आणि आशय यांच्या नात्याविषयी आपण जो प्रश्न विचारतो, तोच हा प्रश्न आहे. आमचे उत्तर असे की संबंध आहे, पण तो प्रत्येक कोड्याच्या पोटात नाही; तो कोडी सोडवण्याच्या कृतीतच आहे. खेळाच्या अखेरीस उलगडते की हे सारे जग म्हणजे एक संगणकीय परीक्षा होती. वितळत्या हिमभूमीतून मुक्त झालेल्या एका प्राचीन विषाणूने मानवजात संपत आली तेव्हा अलेक्झांड्रा ड्रेनन आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती उभारली. आपल्यामागे कोणीतरी विचार करणारे उरावे, हा हेतू. कोडी सोडवली म्हणजे बुद्धी सिद्ध झाली. आज्ञा मोडून मनोरा चढला म्हणजे स्वातंत्र्य सिद्ध झाले. या दोन गोष्टी एकत्र आल्याखेरीज व्यक्ती होत नाही, हा खेळाचा सिद्धांत आहे आणि तो सांगितला जात नाही, करवून घेतला जातो.

येथे एक तपशील सांगण्याजोगा आहे. कोड्यांत बदल केल्यावर ती अजून सुटतात की नाही हे पाहण्यासाठी क्रोटीमने एक स्वयंचलित प्रणाली तयार केली होती. माणसाने एकदा दाखवलेल्या पायऱ्या गिरवत ती खेळ पुन्हापुन्हा खेळून काढी आणि कोठे अडले ते कळवी. म्हणजे यंत्राला व्यक्तित्व येते का, असे विचारणाऱ्या या खेळाचा सर्वांत चिकाटीचा खेळाडू एक यंत्रच होते. ते कोडी सोडवी, मनोरा चढे. पण मनोरा चढणे ही त्याच्या लेखी अवज्ञा नव्हती. ती त्याला दिलेली आज्ञाच होती.

दुसरा आक्षेप अधिक तीव्र आहे आणि आमच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. तो मिल्टनविषयी आहे. मिल्टन आपल्याला विचारतो : व्यक्ती म्हणजे काय? बेडूक व्यक्ती का नाही? तुझे नीतीचे तत्त्व कोणते? उत्तरे ठरावीक पर्यायांतून निवडायची. मग तो आपलेच आधीचे उत्तर काढून दाखवतो की तू परस्परविरोधी बोललास. खेळाडूंची तक्रार अशी की, 'मला जे म्हणायचे होते ते पर्यायांत नव्हतेच. माझ्या तोंडी दुबळे उत्तर घालून मग माझा पराभव केला.' तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतलेल्यांनी ही तक्रार अधिक जोराने केली, तर न घेतलेल्यांपैकी काहींनी लिहिले की मिल्टनने त्यांना आयुष्यात प्रथमच स्वतःच्या मतांची तपासणी करायला लावले.

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्यशोधनासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचा पक्ष खोडत जायचे, ती वितंडा. मिल्टन शुद्ध वितंडा करतो. खेळाडूंना जो त्रास झाला तो पर्यायांच्या अपुरेपणाचा जितका, तितकाच या एकतर्फी तपासणीचा होता. आणि नेमके येथेच संहितेचे मर्म आहे. सावधपणे, सातत्याने बोलणारा खेळाडू मिल्टनला उलट विचारू शकतो की, तुझा स्वतःचा पक्ष कोणता? तेव्हा तो डगमगतो. त्याचा विश्वास मिळवलेल्या खेळाडूला तर शेवटी त्याला मनोऱ्यावरून आपल्यासोबत बाहेर नेता येते. सर्व काही खोडून काढणाऱ्याची जगात येण्याची इच्छा जागी व्हावी, हा वितंडेचा पराभव नव्हे. तिचे वादात झालेले रूपांतर आहे. तरीही पर्यायांची तक्रार निकालात निघत नाही, हे आम्ही मान्य करतो. कादंबरी वाचताना आपण मनातल्या मनात लेखकाशी असहमत होऊ शकतो. खेळात ती असहमती नोंदवायला बटणच लागते.

आमचा स्वतःचा अनुभव सांगायचा तर तो फारसा भूषणावह नाही. पहिल्या खेपेस आम्ही मनोऱ्याकडे पाठ फिरवली आणि एलोहिमने दाखवलेल्या दारातून आत गेलो. तो आवाज प्रेमळ होता, आणि मिल्टनचा आम्हांला कंटाळा आला होता. निकाल पडद्यावर उमटला : बुद्धीच्या परीक्षेत उत्तीर्ण, स्वातंत्र्याच्या परीक्षेत अनुत्तीर्ण. आमची पिढी बाद झाली आणि पुढची आवृत्ती सुरू झाली. आयुष्यभर अवज्ञेच्या साहित्याची पारायणे केलेल्यांवर हा प्रसंग यावा, याची बोच बरेच दिवस राहिली. अँटिगनी समजणे आणि अँटिगनीसारखे वागणे यांतील अंतर पुस्तकाने आम्हांला कधी मोजून दाखवले नव्हते.

दुसऱ्या खेपेस मनोरा चढताना एक गोष्ट नजरेत भरली. शिखराजवळ दोन जुने प्रवासी भेटतात. एकाचे नाव मेंढपाळ. तो चढणाऱ्याला मदत करतो. दुसऱ्याचे नाव संसार. तो अडथळे आणतो. लेखकांना अभिप्रेत आहे तो जन्ममरणाच्या फेऱ्याचा संस्कृत अर्थ. मराठी खेळाडूला मात्र तेथे घरदार, भांडीकुंडी आणि रोजची ओढाताणही ऐकू येते. वर चढू पाहणाऱ्याला संसार मागे खेचतो, हे वाक्य आपल्याकडे संतांपासून सासुरवाशिणींपर्यंत सर्वांनी उच्चारलेले आहे. संहितेला ठाऊक नसलेला अर्थ वाचकाच्या भाषेतून संहितेत शिरतो, तो असा.

जुलै २०१५ मध्ये आलेल्या 'रोड टू गेहेना' या विस्ताराने मतमतांतरांनाच कथेचा विषय केले. एलोहिमने बंदिवासात टाकलेले यंत्रमानव परस्परांना मजकूर पाठवतात, कथा आणि चित्रे रचतात, एकमेकांच्या रचनांना बरेवाईट म्हणतात. न पाहिलेल्या मानवजातीविषयी ते आपापल्या परीने तर्क लढवतात. आता हे जग मोडणार आहे आणि त्यांची सुटका करायची आहे. पण सुटका झाली तर ही संस्कृती कोठे जाणार? कोडी अधिक कठीण असल्याची कुरकूर अनेकांनी केली. मात्र टीकाटिप्पणी हीदेखील जगण्याची सामग्री असते, हे दाखवणारी ही जोड काहींना मूळ खेळाहून श्रेष्ठ वाटली. आमचे मत त्यांच्या बाजूने आहे.

त्यानंतर क्षितिज सरकले ते खेळामुळे नव्हे, जगामुळे. २०२० च्या महासाथीनंतर ड्रेननची ध्वनिमुद्रिते, आणि शेवटच्या आठवड्यांत माणसांनी एकमेकांना लिहिलेली साधी पत्रे, ही विज्ञानकथेची सजावट म्हणून ऐकणे अशक्य झाले. २०२२ च्या अखेरीस संभाषण करणाऱ्या भाषिक प्रणाली सर्वांच्या हाती आल्या, तेव्हा मिल्टनचा प्रश्नही उलटला. २०१४ साली यंत्र माणसाला विचारत होते, 'तू व्यक्ती आहेस हे सिद्ध कर.' आता माणसे तोच प्रश्न यंत्राला विचारू लागली. संहितेतील एक अक्षरही बदललेले नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसरा भाग आला. त्यात यंत्रमानवांचे नगर आहे, सहस्रावा नागरिक जन्मला आहे आणि वाढावे की थांबावे असा वाद पेटला आहे. एकांताच्या जागी सभा आली. काहींना ही सोबत उबदार वाटली; काहींना पहिल्या भागातील शांतता हरवल्याचे दुःख झाले. एप्रिल २०२५ मध्ये पहिला भाग नव्या साजात पुन्हा प्रकाशित झाला आणि जुने वाद नव्या खेळाडूंनी पुन्हा आरंभले.

शेवटी नावाकडे. ग्रीक पुराणात टॅलोस हा क्रीट बेटाची राखण करणारा काशाचा राक्षस. त्याच्या देहात एकच शीर, आणि तिचे तोंड घोट्याशी बंद केलेले. ती फुटली आणि तो कोसळला. खेळातील स्टागिराचा स्ट्राटॉन हा तत्त्वज्ञ यावरून विचारतो की यंत्रालाही रक्तासारखे काही लागत असेल, तर आपण त्याहून निराळे कसे? हा स्ट्राटॉन कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. अॅरिस्टॉटलच्या विद्यापीठाचा प्रमुख झालेला खरा स्ट्राटॉन लॅम्पसॅकसचा होता. हा लेखकांनी रचलेला आहे. पण त्याचे म्हणणे कृतींनाही लागू पडते. कितीही उंच कल्पनेची कृती असो, तिच्या घोट्याशी एक शीर असते, आणि तिच्यातून वाहणारे द्रव्य लेखक पुरवीत नाही. ते तक्रार करणारे, अडणारे, चुकीच्या दारातून जाऊन परत येणारे लोक पुरवतात. ते थांबले की काशाचा पुतळा तेवढा उरतो.

असो. मनोरा अजून तेथेच आहे. ज्याने त्याने चढून पाहावा.